सुटलेला सांधा

१

रायफलचा दस्ता उकलल्याची बातमी कळली, तेव्हा इला सबनीसला आधी बरं वाटलं.

क्षणभरच, पण वाटलं. पुरुषोत्तमकाका फोनवर धापा टाकत सांगत होते, "अगं, विनीताचा तो कार्बन फायबरचा स्टॉक! भर रेंजवर, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत उकलला." आणि इलाच्या पोटात थंडगार सरबत उतरल्यासारखं झालं. पुढचं वाक्य कानावर पडलं आणि ते सरबत आतल्या आत कडू झालं.

"नेम मारत होती त्या प्रीताचा गाल फाटलाय गं. डोळा थोडक्यात वाचला."

इलाचा धंदा मोडक्या वस्तूंचा. सायकलची फ्रेम का तुटली, शिडीची पायरी का निसटली, स्की मधोमध का मोडली, हे शोधून द्यायचं. विमा कंपन्या बोलावत, वकील बोलावत. काम संपलं की ओळखही संपे. अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या मराठी मंडळात मात्र तिची ओळख एकच होती: विनीताची मैत्रीण. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या. विनीता पहिली यायची आणि इला दुसरी. अमेरिकेत आल्यावरही तो क्रम काही बदलला नाही. विनीताचं टेकडीवरचं घर, विनीताचं ग्रीन कार्ड, विनीताच्या नावचं पेटंट. गणपतीत आरतीचं ताट आधी विनीताकडे जायचं, तेसुद्धा इलाला खुपायचं.

काकांची कंपनी छोटी होती. विमानांच्या सुट्या भागांत आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सीडरफोल्ड कंपोझिट्स' काढली होती. त्यांची सगळी आशा या एका दस्त्यावर होती. लोखंडी तबकड्यांवर भराभर नेम मारायच्या स्पर्धा असतात. त्यांत पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरतात. ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते. अशा रायफलचा लाकडी दस्ता काढून विनीताचा कार्बनचा बसवला की ती निम्म्याने हलकी व्हायची आणि एका तबकडीवरून दुसरीवर पाखरासारखी फिरायची.

"तू ये," काका म्हणाले. "कुणाचं चुकलं ते मला कळलंच पाहिजे. सगळे विनीताकडे बोट दाखवतायत. तू तिची मैत्रीण आहेस, पण तू खोटं बोलणार नाहीस."

इलाने होकार दिला. फोन ठेवताना तिच्या मनात आलं: आणि विनीताचंच चुकलेलं असलं तर? तिला त्या विचाराची लाज वाटली, पण तो गेला नाही.

२

रविवारी सकाळी वर्कशॉपच्या टेबलावर तो दस्ता वाटाण्याच्या शेंगेसारखा उकलून पडला होता. दोन काळी, चकचकीत टरफलं. वरच्या कडेवर प्रीताच्या रक्ताचा सुकलेला ओघळ होता. कार्बनची पातळ कड म्हणजे पातंच. तिच्यावर गाल दाबलेला असताना सांधा सुटला, तर दुसरं काय होणार?

"डावं शेल वेगळं, उजवं वेगळं," काका समजावत होते. "दोन्ही साच्यात घालून भाजायची, मग कडांना गोंद लावून एकमेकांना चिकटवायची. चिकटवण्याचं काम विनीतानं एकटीनं केलं. आतून दार लावून, म्हणजे धूळ नको. दुसरं कुणी आत गेलं नाही. म्हणून..."

"आणि बेंच टेस्ट? आधी यंत्रावर ताणून बघायचं ठरलं होतं ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "गिऱ्हाईक लवकर येतो म्हणालं. मीच म्हटलं, चालेल, थेट रेंजवर दाखवू."

इलाने भिंग डोळ्याला लावलं. काळ्या शेलवर काळा गोंद. त्याचे तुकडे होऊन निम्मे रेंजच्या मातीत पडले होते. उरलेल्यावर माती आणि रक्त. कुठल्या बाजूने गोंदाने दगा दिला, ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

विनीता दारात येऊन उभी राहिली. कालपासून झोपलेली दिसत नव्हती, तरी केस नीट बांधलेले होते. हेही इलाला खुपलं.

"तू आलीस, बरं झालं," विनीता म्हणाली. "तू मला सोडणार नाहीस, माहितीये मला."

हा विश्वास होता की टोमणा, इलाला कळेना. "गोंद बरोबर मिसळला होतास?"

"हो."

"कडा साफ होत्या?"

"होत्या गं. माझ्या हातचं काम आहे ते. कसं सुटलं, मला खरंच कळत नाहीये."

पलीकडे देवांग उभा होता. मूळचा नागपूरचा, वयाने दोघींहून बराच लहान. साच्याचं काम त्याचं. दीड वर्ष या दस्त्यावर तो विनीताच्या खांद्याला खांदा लावून राबला होता. इलाने त्याला बाहेर पार्किंग लॉटमध्ये नेलं.

"पेटंटवर तुझं नाव आहे?"

"नाही." तो कडवट हसला. "तुम्ही विचारणार होता ना, मी जळतो का म्हणून? जळतो. खोटं काय बोलायचं? आयडिया तिची असेल, पण साचा माझा आहे. मीटिंगमध्ये सगळे तिलाच काँग्रॅच्युलेट करतात आणि मी मागे प्रोजेक्टरची वायर धरून उभा. वाईट वाटतं ना यार."

इलाला एकदम ओळखीचा वास आल्यासारखं झालं. हा माणूस तिच्याच जातकुळीचा होता.

"मग तू काही केलंस का?"

देवांगने तिच्याकडे बघितलं. "जळणं वेगळं आणि जाळणं वेगळं, इलाताई."

३

दुपारी विनीताने तिला घरी जेवायला ओढून नेलं. इलाला नको होतं. त्या घरी गेलं की परतल्यावर स्वतःचं घर आणखी लहान वाटायचं.

दार संजीवने उघडलं. विनीताचा नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्यातून बरेचसे दिवस घरूनच काम करायचा. मनमिळाऊ, हौशी माणूस. मालवणी मसाला घालून त्याने सॅमन माशाचं कालवण केलं होतं आणि पहिला घास घेताच इलाच्या मनात आलं, आपल्याला असं कधी कुणी रांधून वाढलं नाही.

"तू तिला सांग जरा," संजीव वाढता वाढता म्हणाला. "कालपासून स्वतःलाच दोष देतेय. हिने केलेली बाजू तर ठणठणीत आहे. लोक उगाच हिच्यावर घसरतायत."

"राहू दे रे," विनीता म्हणाली. "देवलाही धक्का बसलाय. आज सकाळपासून त्याचे तीन मेसेज आले."

देव म्हणजे देवांग. ऑफिसात फक्त विनीताच त्याला त्या नावाने हाक मारायची.

संजीव हसला. "आमच्या घरात देवाचं नाव सकाळ-संध्याकाळ चालतं, इला. जेवताना देव, गाडीत देव. आमची आई असती तर म्हणाली असती, सून किती धार्मिक!"

विनीता हसली नाही. इला पाणी प्यायली.

जेवणानंतर विनीता फोन घेऊन गच्चीत गेली, तेव्हा संजीवने इलाला गॅरेजमध्ये नेऊन आपला कयाक, एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, दाखवला. गेल्या उन्हाळ्यात सॅमामिश तळ्यात खडकावर आपटून त्याच्या पोटाला भोक पडलं होतं. त्याने घरच्या घरीच कार्बनचं ठिगळ लावलं होतं. ठिगळावर फिकट कापड चिकटलेलं होतं. संजीवने त्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. कापड केळ्याच्या सालीसारखं, जराही जोर न लागता निघून आलं.

"विनीताकडून शिकलो," तो अभिमानाने म्हणाला. "आता मीपण अर्धा कंपोझिट इंजिनिअर झालोय."

गच्चीतून विनीताचा आवाज येत होता. "नाही रे देव, तुझी काही चूक नाही." संजीवच्या हातातलं कापड चुरगळलं. इलाने ते बघितलं, आणि तिला वाटलं, बिचारा. बायकोची काळजी करतोय.

निघताना विनीता फाटकापर्यंत आली. "तुला काही सापडलं तर आधी मला सांगशील ना?"

"आधी काकांना," इला म्हणाली. असं म्हणताना तिला थोडं सुख झालं.

४

सोमवारी तिने साधा ड्रॉपर घेतला आणि पाण्याचे थेंब.

गोंदाच्या पट्टीच्या आत, शेलच्या कडेवर बोटभर जागा अशी होती, जिथे गोंद पोचलाच नव्हता. आधी डाव्या शेलवर थेंब टाकला. तो पसरला, अंग ओलं व्हावं तसा कार्बनला बिलगला. मग उजव्यावर टाकला.

थेंब गोल झाला. अळवाच्या पानावर राहतो तसा डुगडुगत उभा राहिला आणि घरंगळून टेबलावर पडला.

इलाने पुन्हा टाकला, पुढे टाकला, मागे टाकला. उजव्या शेलच्या सबंध कडेवर पाणी ठरेना. तिथे काहीतरी बुळबुळीत बसलेलं होतं, डोळ्यांना न दिसणारं. अशा जागी जगातला कुठलाही गोंद धरणार नाही. काही वेळ धरल्याचं नाटक करेल आणि हादरे बसले की सोडून देईल.

म्हणजे विनीताने कडा पुसताना घाण फडकं वापरलं? इला उत्सुकतेने भिंगावर वाकली आणि थबकली. तो बुळबुळीतपणा एका सरळ रेषेवर संपत होता. रेषेच्या अलीकडे पाणी गोळा होत होतं, पलीकडे पसरत होतं. फडक्याने पुसलं तर अशी रेघ कशी येईल? फडकं कुठेही जातं. आणि त्या रेषेच्या आत, कार्बनवर, कापडाच्या विणीचा बारीक ठसा होता.

शेल साच्यात भाजताना त्याच्या कडेवर नायलॉनच्या कापडाची पट्टी ठेवतात. त्याला म्हणतात पील-प्लाय. भाजून झालं की पट्टी सोलून काढायची. खाली ताजी, खरखरीत, स्वच्छ जागा उघडी पडते आणि त्यावर गोंद घट्ट बसतो. पण या कापडाचा आणखी एक प्रकार असतो, बुळबुळीत लेप दिलेला. तो हाताने सहज सुटतो, आणि जिथे पुढे काहीच चिकटवायचं नसतं, तिथेच वापरतात. कारण जाताना तो आपला लेप मागे ठेवून जातो.

उजव्या कडेवर चुकीचं कापड होतं.

इला ताठ बसली. दोन दिवस सगळे चिकटवण्याच्या खोलीकडे बघत होते, तिथे विनीता एकटीच होती म्हणून. पण अपराध त्या खोलीत घडलाच नव्हता. तो त्याआधी, साच्यात घडला होता.

"उजवं शेल कुणी भाजलं?" तिने काकांना विचारलं.

"डावं विनीतानं. उजवं देवांगनं."

देवांगला बोलावलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो अडखळला नाही. "मी कापड कापलंच नाही. पट्ट्या मला तयार मिळाल्या. दोन पाकिटं होती, एकावर 'विनी', दुसऱ्यावर 'देव'. मी माझं फोडलं. पट्टी इतकी चिंचोळी की कुठलं कापड आहे ते दिसतही नाही; ओळखायचा रंगीत धागा रुंद कापडात कुठेतरी एकदा येतो."

"सोलताना कळलं नाही? हे कापड सहज निघतं."

"सहज निघाली, हो." त्याने मान खाली घातली. "वाटलं, आज नशीब चांगलं आहे."

"आणि पट्ट्या कुणी कापल्या?"

देवांगने काकांकडे बघितलं, मग इलाकडे. "विनीताने. वीकएंडला रोल घरी नेला होता, डायनिंग टेबलवर कापून आणल्या."

इलाच्या छातीत पुन्हा ते थंडगार सरबत उतरलं. या वेळी सावकाश, घोटाघोटाने.

५

रिपोर्ट लिहायला बसली, तर तो एका दमात लिहून झाला असता. तरी ती आधी प्रीताला भेटायला गेली. लाज वाटत होती म्हणून असेल, किंवा जखम स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर विनीतावर निर्धास्तपणे रागावता येईल म्हणून.

प्रीता इथेच जन्मलेली. दिवसा फिजिओथेरपिस्ट, सुट्टीत स्पर्धांतली अव्वल नेमबाज. गालावर पांढरी पट्टी होती आणि त्याखाली निळसर सूज.

"इट लुक्स वर्स दॅन इट इज, मावशी," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. "आईला मात्र पटत नाहीये. ती म्हणते, लग्नाच्या फोटोत दिसणार."

"काय झालं, ते मला पहिल्यापासून सांग."

"इट वॉज ब्युटिफुल, ॲक्च्युअली. इतकी हलकी रायफल मी कधी धरली नव्हती. शेवटच्या तबकडीकडे वळले आणि कानाशी कट्ट झालं. मग सगळं गरम." ती थांबली. "विनीता मावशी धावत आली. तिने तिच्या हातांनी माझा गाल दाबून धरला, हॉस्पिटलपर्यंत. गाडीत मला सारखी म्हणत होती, माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ. रडली नाही. तिचे हात पण थरथरले नाहीत."

इलाला विनीताचे ते हात दिसले. कॉलेजातल्या वर्कशॉपमध्येही ते कधी थरथरायचे नाहीत.

"तिथे आणखी कोण होतं?"

"पुरुषोत्तमकाका, देवांग, क्लायंट्स. आणि संजीवकाका. ही वॉज सो स्वीट. सुरू करायच्या आधी तो मावशीला म्हणत होता, आज कॅन्सल कर, वारा आहे. मी म्हटलं, काका, वारा कुठे आहे? मग तो विचारायला लागला, बेंच टेस्ट झाली का, बेंच टेस्ट झाली का. झाली नाही म्हटल्यावर तो गाडीत जाऊन बसला. आय थिंक ही वॉज मोअर नर्व्हस दॅन मी."

इला उठता उठता पुन्हा खाली बसली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "काय म्हणाला तो?"

६

परतताना तिने गाडी एका कॉफीच्या दुकानासमोर लावली, पण आत गेली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

विनीता दोषी असावी, असं आपल्याला वाटत होतं. म्हणून आपण घाई केली. आता घाई न करता बघू.

विनीताने चुकून भलताच रोल नेला असता, तर दोन्ही पाकिटांत तेच कापड गेलं असतं. मग डावी बाजूही सुटली असती. ती सुटली नाही. म्हणजे चूक नव्हे. कुणीतरी एकाच पाकिटातल्या पट्ट्या बदलल्या.

विनीताने मुद्दाम? स्वतःचाच दस्ता, स्वतःचंच नाव, आणि चिकटवणारी म्हणून पहिला संशय स्वतःवरच. वेडं माणूसही असं करणार नाही. देवांगने? विनीताला बुडवायचं असतं तर त्याने तिच्या पाकिटातल्या बदलल्या असत्या. स्वतःच्या नावाच्या पाकिटात कोण विष घालतं?

मग ज्याने बदललं, त्याला देवांगची बाजू सुटायला हवी होती. विनीताची नव्हे.

तिने काकांना फोन लावला. "काका, ते लेपाचं कापड कंपनीत कुठे ठेवता?"

"ते आहे कुठे? संपून कितीतरी दिवस झाले. नवीन मागवायचंच राहिलंय. शेवटचा तुकडा विनीताने मागितला होता, घरी कशाला तरी हवा म्हणून."

इलाने डोळे मिटले. केळ्याच्या सालीसारखं, जराही जोर न लागता निघून आलेलं कापड. आणि सॅमनचं कालवण वाढता वाढता बोललेलं ते वाक्य. हिने केलेली बाजू तर ठणठणीत आहे. रविवारी दुपारी तसं कुणालाच माहीत नव्हतं. उजवं सुटलं की डावं, हे पाण्याच्या थेंबाने सोमवारी सांगितलं. संजीवने ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

ती टेकडीवर गेली. दोघंही घरी होते. "गॅरेजमध्ये येता का जरा?" ती म्हणाली.

कयाकशेजारी उभं राहून तिने सगळं सांगितलं, थेंबापासून फोनपर्यंत. आवाज चढवला नाही. संजीव आधी हसला, मग म्हणाला, "काय फालतूपणा आहे हा," मग त्याने कयाकच्या कडेवर हात टेकला आणि त्याचे खांदे पडले.

"तुझ्याच तोंडून ऐकलं होतं, विनी," तो म्हणाला. "हे कापड चुकून गेलं तर सांधा सुटतो आणि साचा भरणाऱ्याला शिव्या बसतात. त्या शनिवारी तू पट्ट्या कापल्यास. पाकिटावर 'देव' लिहिलंस आणि हसलीस. कशाला हसलीस, मला माहीत नाही. माझ्याकडे बघून तू तशी हसून किती दिवस झाले, तेही मला माहीत नाही."

"म्हणून?" विनीताचा आवाज अगदी बारीक होता.

"कयाकचं कापड उरलं होतं, त्याच्याच पट्ट्या त्या पाकिटात भरल्या. मला वाटलं, बेंच टेस्टला सुटेल. यंत्रावर. वर्कशॉपमध्ये. उघडून बघतील, त्याची बाजू निघेल, काका त्याला प्रोजेक्टवरून काढतील. बास. कुणाला लागणार नव्हतं गं. तू घरी येशील, एवढंच."

"तू रेंजवर होतास," विनीता म्हणाली. "प्रीताने दस्त्याला गाल लावला, तेव्हा तू तिथे होतास. एक वाक्य बोलायचं होतं."

"मी म्हटलं ना, कॅन्सल कर."

"वारा आहे म्हणालास!"

संजीवने तिच्या हाताकडे हात नेला. तिने तो झटकला नाही, फक्त एक पाऊल मागे सरकली.

"आमच्यात काही नव्हतं," ती म्हणाली. "देव आणि माझ्यात. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. त्याला माझं काम कळायचं, म्हणून मी हसायचे." तिने खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि वाजता वाजता संजीवच्या हातात दिला. "प्रीता आहे. तिला सांग."

"विनी, प्लीज..."

"सांग."

फोनमधून प्रीताचा अर्ध्या तोंडाचा आवाज आला, "हाय मावशी." संजीवने फोन कानाला लावला. तो भिंतीकडे वळला आणि सांगायला लागला.

इला गॅरेजच्या उघड्या दारातून बाहेर जाऊन उभी राहिली. या घराचा तिने वर्षानुवर्षं हेवा केला होता. आता त्यातलं काहीच तिला नको होतं, तरी मोकळं वाटत नव्हतं.

७

संजीव मित्राकडे राहायला गेला. प्रीताने वकील गाठला. केस करायची की नाही, ते तिचं ठरलेलं नव्हतं आणि कुणी तिला घाईही केली नाही. काकांनी प्रीताच्या आईवडिलांच्या घरी जाऊन, टेस्ट आपण गाळली हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

मग ते इलाकडे आले. "विनीता म्हणते, तिला हे सोडायचंय. डिझाइन तू घेशील का? तुझ्याशिवाय मला कुणी दिसत नाही."

आयुष्यभर जी खुर्ची दिसत होती, ती कुणीतरी पुढे सरकवली होती. इलाने दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत तिने विनीताची ड्रॉइंग्ज पुन्हा पुन्हा बघितली, चूक सापडावी म्हणून. धाग्यांची दिशा, कडेची जाडी, मनगटापाशी दिलेला बाक. सापडली नाही. मत्सर तसाच होता, पण आता त्याला धरायला काही उरलं नव्हतं. रिपोर्टच्या शेवटी तिने लिहिलं: मूळ रचनेत दोष नाही. अशा प्रकारचं याहून चांगलं काम मी पाहिलेलं नाही. दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती. ते लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तो रिपोर्ट तिने आधी विनीताला नेऊन दिला. काकांना नंतर, आणि डिझाइन विनीताचंच राहू दे, असं सांगून.

नवा दस्ता तयार झाला तो बेंच टेस्टला ताणला, आपटला, तापवला, गोठवला. मग सगळे मनरो गावाच्या पुढच्या टेकड्यांतल्या रेंजवर गेले. प्रीताची पट्टी निघाली होती. गालावर गुलाबी वळ होता. तिने रायफल हातात घेतली, तोलली, आणि खाली ठेवली.

"सॉरी," ती म्हणाली. "आय कान्ट. गाल लावायला होत नाही."

काका काही बोलणार, एवढ्यात विनीता पुढे झाली. "बरोबर आहे तिचं. आधी मी लावते."

"तू कधी चालवली आहेस का?" इलाने विचारलं.

"नाही. प्रीता शिकवेल."

प्रीताने तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं, खांदा, कोपर, कानांवरचं मफ. विनीताने त्या काळ्या दस्त्यावर गाल टेकवला, नेमका जिथे प्रीताने टेकवला होता तिथे. इलाने देवांगचा दंड घट्ट धरला आहे, हे तिला तो "इलाताई, नखं" म्हणाला तेव्हा कळलं.

पहिली गोळी सुटली. मग दुसरी, तिसरी, भराभर. तबकड्या वाजल्या नाहीत. विनीताचा एकही नेम लागला नाही. मॅगझिन रिकामं झालं. तिने रायफल खाली ठेवली आणि मागे वळली.

"इला, तू बघ."

इला पुढे गेली. भिंग लावून सांध्यावरून टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली. मग भिंग बाजूला ठेवून, हातमोजा काढून, उघड्या बोटानेच तो चाचपला.

"धरलंय," ती म्हणाली. "केसाएवढीसुद्धा फट नाही."

विनीताने मान डोलावली. प्रीताने रायफल उचलली, क्षणभर थांबली आणि स्वतःचा जखमेचा गाल दस्त्याला लावला. तबकड्या एकामागून एक खणखणायला लागल्या. त्या आवाजात विनीता मागच्या बाकावर जाऊन बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी.

इला तिच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "तुझा नेम फार वाईट आहे गं."

विनीता रडता रडता हसली. "यात तरी तू पहिली येशील."

"येईन," इला म्हणाली, आणि बाकावर तिच्या आणखी जवळ सरकून बसली.